पेनड्राइव्ह लावला की आपोआप माउंट व्हायलाच हवा का?

कर्नलकाका:
स्पष्टच लिहितो. लिनक्सवर पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावल्या लावल्या आपोआप माउंट होणं (म्हणजे तिच्यातल्या फाइल्स सिस्टमला जोडल्या जाणं) मला पटत नाही. ग्नोम डेस्कटॉपमध्ये हे मुळातच चालू असतं, केडीई डेस्कटॉपमध्ये बंद. केडीईवाल्यांचं बरोबर आहे. माउंट करणं म्हणजे नुसतं फोल्डर उघडणं नव्हे. डिस्कवर जे काही आहे ते थेट कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, कोड वाचायला घेतो. कोणी मुद्दाम बिघडवलेली फाइलसिस्टम (डिस्कवरची फाइल्सची मांडणी) पुढ्यात ठेवली तर तो कोड कोसळू शकतो, किंवा त्याहून वाईट काही होऊ शकतं.

शिवाय ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टमची डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' माउंट केली, तरी जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट राहिलेलं असेल तर कर्नल ते पूर्ण करतो, म्हणजे डिस्कवर लिहितोच. मरायला टेकलेल्या डिस्कमधून डेटा काढायचा असतो तेव्हा नेमकं हेच नको असतं. साइडबारमध्ये नाव दिसू दे, क्लिक केल्यावर माउंट होऊ दे. एका क्लिकने कोणाचा हात मोडत नाही.

सुटसुटीत:
काका, मरायला टेकलेल्या डिस्कचं मान्य. बाकीचं नाही. क्लिक केल्यावरही तोच कोड तीच डिस्क वाचणार ना? अनोळखी पेनड्राइव्ह ज्याने हौसेने लावला तो क्लिकही करणारच, बघायलाच तर लावलाय! आणि २०१४ साली गाजलेलं बॅडयूएसबी आठवा. तिथे पेनड्राइव्ह 'मी कीबोर्ड आहे' असं सांगतो आणि टाइप करत सुटतो. माउंट बंद ठेवून त्याला काय फरक पडतो? त्यासाठी यूएसबीगार्ड, म्हणजे अनोळखी यूएसबी उपकरणं अडवणारा प्रोग्राम, लागतो. स्क्रीन लॉक असताना ग्नोम नवी डिस्क माउंट करत नाही, आणि यूडिस्क्स (डेस्कटॉपसाठी डिस्क माउंट करणारी सेवा) जे माउंट करतं ते 'नोसूड' आणि 'नोडेव्ह' लावूनच, म्हणजे डिस्कवरच्या प्रोग्रामला जादा अधिकार मिळत नाहीत आणि तिथल्या डिव्हाइस-फाइल्स चालत नाहीत.

लोकांचा डेटा माउंट करताना जात नाही हो, उपटताना जातो. कॉपीची पट्टी शेवटाला पोचली तरी बराच डेटा रॅममध्येच असतो. त्यावर लिहा काहीतरी.

कर्नलकाका:
उपटण्याचं खरं आहे, पण तो याच रोगाचा दुसरा भाग आहे. जे आपण जोडलंच नाही ते सोडवायचं भान कुठून येणार? स्वतः माउंट करणारा माणूस अनमाउंटही आठवणीने करतो.

सुटसुटीत:
करत नाही. मी बघितलेत.

रातवा:
तुम्ही दोघंही स्क्रीनसमोर माणूस बसलाय असं धरून भांडताय. माझ्या मशीनला स्क्रीनच नाही. रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप जातो. तिथे क्लिक कोण करणार, आणि लॉगिन केलेला युजरच नसेल तर ग्नोमचं ऑटोमाउंट तरी कुठून येणार?

इथे एफएसटॅबला, म्हणजे कुठली डिस्क कुठे माउंट करायची ते लिहिलेल्या फाइलला, पर्याय नाही. डिस्क यूयूआयडीने (तिच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने) लिहायची, कारण कर्नलने दिलेलं एसडीबी१ हे नाव उद्या भलत्याच डिस्कला मिळू शकतं. मग 'नोफेल' (डिस्क नसली तरी बूट अडवू नका) आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' (फोल्डर वापरायला घेतलं की मगच माउंट करा) हे पर्याय. 'नोफेल' विसरलात आणि डिस्क जोडलेली नसली, तर बूट होताना मशीन ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये (समोर बसून दुरुस्त करायच्या स्थितीत) जाऊन बसतं. स्क्रीन नसलेल्या मशीनवर याचा अर्थ काय ते सांगायला नको.

माझ्या मते या ऑटोमाउंटचा खरा फायदा वेगळाच आहे. साधं माउंट असेल आणि डिस्क गायब असेल, तर बॅकअपची स्क्रिप्ट त्या रिकाम्या फोल्डरमध्येच, म्हणजे मुख्य डिस्कवर, गुमान लिहीत राहते. सकाळी रूट पार्टिशन फुल्ल आणि बॅकअप कुठेच नाही. सिस्टमडीचं (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं) ऑटोमाउंट असेल तर त्या फोल्डरला हात लावताच एरर येतो. सोबत 'आयडल-टाइमआउट' दिला की काम संपल्यावर डिस्क आपोआप सुटतेही. काका, तुमच्या 'स्वतः माउंट करा'मध्ये यातलं काय बसतं?

कर्नलकाका:
बसत नाही, कबूल. पण ती तुमची ठरलेली डिस्क आहे, यूयूआयडी देऊन नेमलेली. माझा आक्षेप कुठलीही डिस्क माउंट होण्याला आहे.

चौथी_विंडो:
मधेच विचारते. मी डेस्कटॉप न घेता नुसता विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) वापरते. यूडेव्हच्या (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या सेवेच्या) नियमात 'रन' लिहून माउंटची कमांड दिली. नियम चालतो, लॉगमध्ये दिसतो, पण फोल्डर रिकामंच.

रातवा:
ते चालणार नाही. यूडेव्हचा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे माउंटच्या वेगळ्या यादीत, चालतो, त्यामुळे तिथे झालेलं माउंट तुम्हाला दिसतच नाही. जुन्या लेखांमधून हा नियम अजून फिरतोय. नियमच हवा असेल तर त्यातून 'सिस्टमडी-माउंट' ही कमांड बोलवा, 'नो-ब्लॉक' (माउंट होईपर्यंत थांबू नका) पर्यायासह. पण तुमच्यासाठी यूडिस्की (डेस्कटॉपशिवायही ऑटोमाउंट करणारा छोटा प्रोग्राम) पुरेसं आहे. सेशन सुरू होताना चालू करा, विषय संपला.

सुटसुटीत:
आणि काका, एखादी डिस्क नकोच असेल तर यूडेव्हमध्ये तिच्यापुरतं 'यूडिस्क्स_ऑटो' शून्य करता येतं. एका डिस्कसाठी सगळ्यांचं ऑटोमाउंट कशाला बंद करायचं?

कर्नलकाका:
उलट करा ना. ओळखीच्या डिस्कची यादी ठेवा, बाकी सगळं बंद.

सुटसुटीत:
तुमच्या मशीनवर ठेवा खुशाल. माझ्या आईबाबांच्या लॅपटॉपवर मीच लिनक्स टाकलंय. नवा पेनड्राइव्ह आला की यूयूआयडी कुठून काढायचा हे त्यांना फोनवर कोण समजावणार? तिथे ऑटोमाउंट चालूच राहील.