खांडसहून भीमाशंकर: रेंज नसताना कोणतं मॅप अ‍ॅप वापरता?

रानवारा:
डिसेंबरात बाबांना घेऊन खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर चढणार आहे. बाबा ६२ वर्षांचे. चालायची सवय आहे, पण शिड्यांवरून चढणारा शिडी घाट त्यांना झेपणार नाही, म्हणजे वाट चुकून तिकडे जाणं मला अजिबात परवडणारं नाही. गूगल मॅप्समध्ये गाडीचा रस्ता शोधला तर डोंगराला पार वळसा घालून पलीकडून नेतो. मधे रेंज जाते म्हणतात. मग फोनचा उपयोग होतो का?

घाटवाट:
होतो, आणि चांगला होतो. जीपीएसला रेंज लागत नाही. फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, म्हणून तो घरीच उतरवून ठेवा.

मी ऑरगॅनिक मॅप्स वापरतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनीच भरलेला. त्यामुळे पायवाटा तुटक रेघांनी दिसतात. त्यात कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघाही चालू करा. रेघा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे खडा चढ, बाबांना तिथे आधी बसवून पाणी द्या.

आता माझा अनुभव, तेवढ्यासाठीच एवढं लिहितोय. दोन वर्षांपूर्वी उतरताना पदरवाडीच्या खाली धुकं आलं. नकाशावर माझी जागा दाखवणारा ठिपका वाटेपासून तीस-चाळीस पावलं बाजूला दिसत होता. मी पायाखालची मळलेली वाट सोडली आणि ठिपका रेघेवर आणायला गेलो. ती गुरांची वाट निघाली, पुढे कारवीत संपली. दाट झाडी आणि कडा असला की संकेत आदळून येतात आणि ठिपका सरकतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. येतानाचा ट्रॅक रेकॉर्ड केला होता, त्यावरून माघारी फिरलो. तेव्हापासून खांडसला उघड्यावर उभं राहून आधी ठिपका स्थिर होऊ देतो, रेकॉर्डिंग लावतो आणि मगच पाऊल उचलतो.

शिडी आणि गणेश घाटाच्या वाटा खांडसच्या पुढे फुटतात. तिथे फोन आणि गावातला माणूस, दोघांनाही विचारा. गणपतीचं देऊळ लागलं की निर्धास्त व्हा.

सह्यमित्र:
गूगलचा उतरवलेला नकाशा नेट नसताना फक्त गाडीची दिशा सांगतो, पायी जायची नाही. कर्जत ते खांडस रस्त्याला तो पुरे. आणि रेंज नसली की फोन टॉवर शोधत बॅटरी खातो, तेव्हा एअरप्लेन मोड लावा. जीपीएस चालू राहतं. पॉवर बँक मात्र घ्याच.

रानवारा:
मनापासून आभार. नकाशा उतरवला, एअरप्लेन मोड लावून गच्चीत जाऊन पाहिलं, ठिपका बरोबर आमच्या इमारतीवर आला! एकच शंका: बाबा मागे राहिले तर?

घाटवाट:
त्यांच्याही फोनमध्ये तोच नकाशा टाका. गणपतीचं देऊळ आणि पदरवाडी या दोन खुणा करून द्या आणि घरीच दोनदा उघडून दाखवा. पण जंगलात त्यांना नजरेआड होऊ देऊ नका. चालण्याचा वेग त्यांचा ठेवा.