मदत हवी आहे: नोव्हेंबरात जैसलमेरच्या मरु उद्यानात तंबू टाकून दोन रात्री

सातपुड्याची_वाट:
मंडळी, आम्ही चौघं, जळगाव आणि चोपड्याकडचे. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी हे नेहमीचं, वाळूतला अनुभव शून्य. दिवाळीनंतर मरु राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री स्वतःचे तंबू टाकायचे आणि दिवसा पायी फिरायचं असं ठरतंय. तंबू दोन, दोन-दोन माणसांचे, साध्या लोखंडी खुंट्यांचे. प्रश्न असे:
१. तंबू कुठेही टाकता येतो का?
२. पाणी किती न्यायचं?
३. खुंट्या वाळूत धरतात का?
४. नेमकी तारीख कोणती धरावी?
५. छोटी गॅस शेगडी सोबत न्यायची आहे, चालेल ना?

माळढोक_कुठंय:
आधी पहिला प्रश्न, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. नावात 'राष्ट्रीय उद्यान' असलं तरी कायद्याने ते अभयारण्य आहे. १९८० सालचं, ३,१६२ चौरस किलोमीटर, आत गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत. म्हणून लोकांना वाटतं की मोकळं रान आहे, टाका तंबू. तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आत शिरायला परवाना लागतो आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे. परवाना जैसलमेरमधल्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून घ्या. उद्यानातल्या सुदासरी भागाकडे तारेचं कुंपण घातलेले पट्टे दिसतील, ते माळढोक पक्ष्यासाठी राखलेले आहेत. फोटोसाठी कुंपण ओलांडू नका. ड्रोन तर घरीच ठेवा, जिल्हा सीमेवरचा आहे. सगळ्यांचं आधार कार्ड खिशात असू द्या. पश्चिमेकडच्या काही ठाण्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय फिरताच येत नाही, तेव्हा नकाशावर दिसली वाट की धरली, असं करू नका.

माझा सल्ला: मुक्काम खुडी गावात. एखाद्या घरी उतरायची सोय बघा, मालकाला विचारून त्याच्याच जागेत तंबू टाका. सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूंची रांग, जीपा आणि डीजे. पायी फिरणाऱ्याने तिथे जाऊन करायचं काय? एक सकाळ परवाना काढून, वाटाड्या घेऊन सुदासरीला द्या.

आणि एक अपेक्षा आत्ताच कमी करून ठेवा. उद्यानात टेकड्यांची वाळू साधारण पाचवा हिस्सा. उरलेलं खडकाळ माळ, मुरूम, सेवण गवत. बघायला आपल्याकडच्या पडीक माळरानासारखं वाटेल, पण माळढोक, चिंकारा, वाळवंटी कोल्हा सगळे तिथेच आहेत.

तंबूवाला_भाऊ:
खुंट्यांचं सांगतो. कोरड्या वाळूत साधी खुंटी रात्रीच्या वाऱ्याने उपटून येते. कारण सरळ आहे, सुट्या वाळूला पकड नसते, खुंटी बोटभर जाडीची, तिला अडवायला काही नाही. म्हणून खुंटी न ठोकता पिशवी पुरायची. पाच किलो पिठाच्या कापडी पिशव्या, एका तंबूला आठ: चार कोपऱ्यांना, चार ताणाच्या दोऱ्यांना. पिशवीत तीन-चार किलो वाळू भरा, गळा दोरीने आवळा. ओढ ज्या दिशेने येणार तिला आडवा चर खणा, हातभर खोल. पिशवी त्यात आडवी ठेवा, दोरीसाठी तंबूच्या बाजूला तिरकी फट काढा, वाळू लोटून पायाने दाबा. दोरी सरळ वर आली तर पिशवीही वर येते, तिरकी निघाली तरच धरते. इथेच बहुतेकांचं चुकतं.

तंबूच्या चेनीला तेल लावू नका, तेल वाळू धरून ठेवतं आणि दात अडकतात. जुना टूथब्रश न्या, रोज संध्याकाळी कोरडाच फिरवा.

जागा टेकडीच्या माथ्यावर नको आणि उताराच्या पायथ्यालाही नको. दोन टेकड्यांमधली घट्ट जमीन बघा. उंट-शेळ्या बसतात ती जागा टाळा, गोचीड असतात.

भुरट_बाधित:
सगळे सापाला घाबरतात आणि भुरट विसरतात. पावसाळ्यानंतर हे गवत वाळतं आणि त्याची काटेरी बोंडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीभर असतात. आपल्याकडच्या कुसळापेक्षा वाईट, कारण चारही बाजूंनी आकडे. सुती मोजा घातला की दहा मिनिटांत घोट्याभोवती कडं होतं. बोटांनी काढायला गेलात की बोटात. म्हणून:
– गुळगुळीत नायलॉनचे मोजे, घोट्यावर जाणारे बूट, वर जुन्या छत्रीच्या कापडाची पट्टी शिवून घ्या. सँडल नको.
– प्रत्येकाच्या खिशात एक चिमटा.
– हवेची गादी पहिल्याच रात्री फुस्स होणार. फोमची चटई घ्या, खाली जाड प्लास्टिक.

सातपुड्याची_वाट:
भो, भुरटाचं तर आमच्या यादीतच नव्हतं! पाण्याचं आणि सापाचंही सांगा ना कोणी.

माळढोक_कुठंय:
पाणी: माणशी दिवसाला ४ लिटर पिण्याचं, १ स्वयंपाकाचं. चौघं, दोन दिवस: ४० लिटर. हात धुणं आणि सांडलवंड धरून २० लिटरचे तीन जार घ्या. एकच मोठी टाकी नको, ती फुटली की सगळंच गेलं. भांडी आधी वाळूने घासा, मग पुसा. गावातलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असतं, त्याचा भरवसा धरू नका. चालताना पाठीवर ३ लिटर, शिवाय १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

वाळूत वेग निम्मा धरा, तासाला दोन-अडीच किलोमीटर. वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, तिने चढा. पलीकडची घसरती बाजू उतरायला मजेची, चढायला नाही. सकाळी ७ ते साडेदहा, दुपारी साडेतीननंतर. सूर्य तिथे जळगावपेक्षा जवळपास वीस मिनिटं उशिरा उगवतो असं रेखांशाचं गणित, वर थंडीचे दिवस, म्हणून सहाचा गजर लावून फायदा नाही. दुपारी ३०-३१ अंश, पहाटे १२-१३. वाळू झपाट्याने निवते, दहा अंशाला पुरेल अशी झोपण्याची पिशवी हवीच.

साप: फुरसं आणि पीवणा. पीवणा म्हणजे मण्यारीच्या जातीतला, रात्री फिरतो, त्याचा चावा दुखत नाही म्हणून धोका जास्त. तंबूची चेन सतत बंद, बूट आत, रात्री बाहेर पडताना टॉर्च. चावलाच तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही. हातपाय न हलवता गाडीत घालून थेट जैसलमेरचं सरकारी रुग्णालय. म्हणून खुडीत गाडी रात्रभर थांबेल असं आधीच ठरवा.

रुळावरचा_माणूस:
गॅस रेल्वेत नेता येत नाही, छोटा डबाही नाही. जैसलमेरला भाड्याने बघा, नाहीतर ज्यांच्या घरी उतराल त्यांच्याच चुलीवर करा. गाडी नंदुरबार–सुरतमार्गे अहमदाबाद, पुढे जोधपूर. जोधपूर–जैसलमेर मार्गावर फलोदीजवळ खिचन आहे, हिवाळ्यात तिथे कांड्या करकोच्यांचे थवे सकाळी दाण्यावर उतरतात. परतीत अर्धा दिवस काढाच.

तारीख: दिवाळी ते कार्तिक पौर्णिमा गुजरातची सगळी सुट्टी तिथे लोटते, दर वाढतात. काळोखात चांदण्या बघायच्या असतील तर कार्तिक वद्य एकादशीपासून अमावस्येपर्यंत जा.

सातपुड्याची_वाट:
ठरलं, वद्य एकादशी. शेवटचा प्रश्न, हसू नका: भरीत जमेल का?

भुरट_बाधित:
यजमानाच्या चुलीवर जमेल, वाळूत जाळ करून नाही. वांगी बामणोदचीच न्या, देठासकट, वर्तमानपत्रात सुटी गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांच्या प्रवासात घाम धरून काळी पडतात. घरून भाजलेलं भरीत नेऊ नका, अहमदाबाद यायच्या आत आंबेल. भाकरीसाठी कळण्याचं पीठ दोन किलो पुरे.