बाळाच्या छातीच्या पडद्याला भोक: दुर्बीण की चिरा?

दांडियाबाजारची मावशी, बडोदा
बहिणीला गेल्या आठवड्यात मुलगा झाला. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला डावीकडे जन्मतःच भोक, आतडी वर छातीत गेलीयत. इथेच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टर म्हणतात, बाळ स्थिर झालं की पोटावर चिरा घेऊन करू. भावोजींचे पुण्याचे काका रोज फोनवर सांगतात, "दुर्बिणीनेच करा, आता पोट कोण फाडतं?" बहीण रडून अर्धी झालीय. आम्ही आग्रह धरावा का? आणि थांबलेत कशासाठी?

निवृत्त सिस्टर, अलकापुरी
ताई, ते थांबलेत हे चांगलंच आहे. पूर्वी अशी बाळं जन्मताच टेबलावर घेत, आता नाही घेत. छातीत आतडी असल्याने त्या बाजूचं फुप्फुस वाढलेलं नसतं, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब चढलेला असतो. खरी लढाई तिथे आहे. दाब उतरू दे, ऑक्सिजन कमी लागू दे, लघवी नीट होऊ दे, मग टाके.

दुर्बिणीने करताना छातीत जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात. तो रक्तात उतरतो आणि असं तोकडं फुप्फुस तो पुरेसा बाहेर टाकू शकत नाही, रक्तातलं आम्ल वाढतं. शिवाय दुर्बिणीने शिवलेलं पुन्हा उसवण्याचं प्रमाण आजवरच्या अभ्यासांत जास्त आढळलंय. दुखणं कमी, व्रण बारीक, हे फायदे खरे आहेत. पण ते लहान भोक असलेल्या, स्थिर बाळांसाठी. डॉक्टरांना एवढंच विचारा: भोक केवढं आहे, पॅच (भोक झाकायला शिवतात तो तुकडा) लागेल का, फुप्फुसाचा दाब आज किती? मी रात्रपाळ्यांत अशी बाळं सांभाळलीत. जी गेली ती फुप्फुसापायी गेली, चिऱ्यापायी गेलेलं एकही आठवत नाही. काकांचा फोन काही दिवस भावोजींनीच घ्यावा, बहिणीला देऊ नये.

रामबागची आई, इंदूर
माझ्या मुलीचं दुर्बिणीने झालं होतं. वर्षाच्या आत परत उसवलं, मग चिरा घेऊन पॅच लावला. आता शाळेत जाते, पोटावरचा व्रण मैत्रिणींना दाखवते! पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, तिचं भोक खरंच लहान होतं.

घरी आणल्यावरचं कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहिते. या बाळांना दूध वर येण्याचा त्रास फार असतो, वजन रडतखडत वाढतं. चिरा घेतलेल्या पोटात पुढे कधी आतडी चिकटून अडकू शकतात. हिरवी उलटी झाली किंवा श्वास भरभर चालला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगा. फाइलची झेरॉक्स नेहमी पिशवीत असू द्या.