रिपोर्ट नॉर्मल, तरी 'बरं नाही'

वर कुणीतरी लिहिलंय की आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत तरी ती 'तब्येत ठीक नाही' म्हणते, म्हणजे नुसतं लक्ष वेधून घेणं. मला नाही पटत. आमच्याकडे उलटं, बाबा ८१ चे, शुगर, बीपी, एक स्टेंट, गोळ्यांचा डबा गच्च, पण विचारलं की 'एकदम फर्स्टक्लास', कारण सकाळी दूध स्वतः आणतात आणि येताना कट्ट्यावर अर्धा तास गप्पा ठोकतात. मागे लिफ्ट बारा दिवस बंद होती, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तर चौथ्या दिवसापासून 'आता काही खरं नाही माझं' सुरू, शुगर तेवढीच हां!

आणि हे नुसते मनाचे खेळ नव्हेत. १९९७ मध्ये २७ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात बहुतेक ठिकाणी स्वतःची तब्येत वाईट सांगणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, आजार-बिजार हिशोबात धरूनही. आपल्याकडच्या लासी सर्व्हेतही (पंचेचाळिशीच्या पुढच्यांची देशभरातली पाहणी, २०१७-१८, मुंबईतल्या देवनारची लोकसंख्या संस्था) 'तुमची तब्येत तुम्हाला कशी वाटते' हा प्रश्न थेट विचारलाय.

आईंचे कान तपासलेत का? आमच्या आत्याचं 'बरं वाटत नाही' शेवटी तेच निघालं, ऐकू येईना म्हणून भिशीला जाणंच सोडलं होतं तिने.