कागदी नकाशांवरून डिजिटल मॉडेलकडे : लहान कार्यालयाने सुरुवात कशी करावी?

विचारणा (लातूर)

नमस्कार. लातुरात आमचे स्थापत्य सल्लागाराचे लहान कार्यालय आहे. वडिलांच्या काळातील ट्रेसिंग (पारदर्शक कागदावरचे मूळ नकाशे) आणि त्यांवरून काढलेल्या अमोनिया प्रिंटांनी कपाटे भरली आहेत. आजचे काम ऑटोकॅडवर चालते, पण तोही खरे तर पडद्यावरचा कागदच आहे, कारण प्लॅनमध्ये एक खिडकी सरकवली की एलिव्हेशन, सेक्शन आणि खिडक्यांचा तक्ता अशी तीन ठिकाणी हाताने दुरुस्ती करावी लागते. म्हणून बी.आय.एम. पद्धतीकडे, म्हणजे इमारतीचे एकच त्रिमितीय मॉडेल करून त्यातूनच सगळे नकाशे व तक्ते काढण्याकडे, वळायचे ठरवले आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, जुने नकाशेही मॉडेलमध्ये उतरवावेत का आणि साइटवरच्या मिस्त्रींना हे कितपत पेलेल, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वास्तुविशारद (छत्रपती संभाजीनगर)

आपले स्ट्रक्चरल आणि प्लंबिंग सल्लागार काय वापरतात, हे आधी विचारा. रेव्हिट हे बी.आय.एम. सॉफ्टवेअर घेतल्यास सर्वांनी एकच आवृत्ती ठरवून घ्यावी, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्याच्या वर्गणीचा भार झेपत नसेल तर फ्रीकॅड, किंवा ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये चालणारे बोन्साय ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि ती आय.एफ.सी. या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या, खुल्या फाइल-स्वरूपात काम करतात. बांधकाम परवानगीसाठी मात्र द्विमितीय कॅड फाइल लागतेच, तेव्हा ऑटोकॅड लगेच काढून टाकू नये.

स्ट्रक्चरल इंजिनिअर (नांदेड)

सॉफ्टवेअरपेक्षा मॉडेलमध्ये काय काढायचे, हा प्रश्न मला मोठा वाटतो. पहिल्याच प्रकल्पात दाराच्या बिजागरीपर्यंत सगळे उभे करण्याचा मोह टाळा. हाती येणारी एकच नवी इमारत घ्या आणि तिचे बीम, कॉलम, सन्क स्लॅब (संडास-न्हाणीघराचा खोलगट स्लॅब) व सांडपाण्याच्या नळ्या एवढेच नेमके काढा. संडासाची 110 मिमीची नळी बीममधून जाते की खालून, हे सेंटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) लागण्यापूर्वी दिसले, तर बीमला छिद्र पाडण्याची वेळ येत नाही.

सळयांचे मॉडेल सगळीकडे करण्याची गरज नाही, पण बीम-कॉलमचा एखादा सांधा तरी जरूर काढून पाहा. आपल्याकडे 230 मिमी रुंदीचे कॉलम सर्रास असतात. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी 40 मिमी कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर), 8 मिमीची रिंग (उभ्या सळयांभोवतीचे कडे) आणि 20 मिमीच्या उभ्या सळया वजा केल्या की मधे 94 मिमी उरतात. त्यातून बीमच्या 16 मिमीच्या तीन सळया जायच्या, शिवाय आडव्या दिशेच्या बीमच्या सळया वेगळ्याच. मग काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची 40 मिमीची सुई उतरणार कुठून? कागदावर सळई ही एक रेघ असते, म्हणून ही दाटी लपून राहते आणि सेंटरिंग काढल्यावर नेमका तोच सांधा पोकळ निघतो. 1993 चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या आपल्या भागात या एका तपासणीसाठीसुद्धा मॉडेल करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साइट इंजिनिअर (बीड)

मिस्त्रींची काळजी नको. सळया बांधणाऱ्या फिटरच्या हातात कागदच राहू द्या, फक्त तो मॉडेलमधूनच काढलेला असावा. अवघड सांध्याचे त्रिमितीय चित्र ए3 कागदावर छापून दिले की कोणती सळई आधी बसवायची हे तो न विचारता ओळखतो. खरा घोळ जुन्या प्रतींमुळे होतो. नवा नकाशा देताना जुना परत घ्यावा, प्रत्येक प्रतीवर सुधारणा क्रमांक व तारीख ठळक असावी, आणि साइटवर झालेला बदल त्याच दिवशी मॉडेलमध्ये चढवण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. ही शिस्त नसेल तर मॉडेल पहिल्या स्लॅबनंतरच निरुपयोगी होते.

विचारणा (लातूर)

मनःपूर्वक आभार. येत्या इमारतीपासून आपण सांगितले तसेच करू. जुन्या कपाटांविषयी कुणी सांगेल का?

स्ट्रक्चरल इंजिनिअर (नांदेड)

सगळे मॉडेलमध्ये उतरवण्यात वेळ घालवू नका. अमोनिया प्रिंट उजेडाने फिकट होतात, म्हणून मूळ ट्रेसिंग असेल तर तेच स्कॅन करा आणि फाइलच्या नावात गाव, वर्ष व मालमत्ता क्रमांक घाला. ज्या इमारतीवर मजला चढवायचा आहे किंवा जिचे मजबुतीकरण करायचे आहे, तिचेच मॉडेल करा, तेही जागेवर मापे घेऊन, कारण नकाशात दाखवलेले आणि प्रत्यक्ष बांधलेले यांत फरक निघतोच.