मदत हवी आहे : आडिवरे, कशेळी, धूतपापेश्वर एका दिवसात

येत्या रविवारी आई-बाबा आणि मुलांना घेऊन रत्नागिरीहून गाडीने निघतोय. पावसमार्गे आडिवऱ्याची महाकाली, मग कशेळीचा कनकादित्य आणि शेवटी राजापूरचा धूतपापेश्वर (शंकराचं देऊळ), असं ठरवलंय. कनकादित्य काहीही झालं तरी चुकवायचा नाही. कोकणात सूर्याची देवळं मोजकीच, आणि ही काळ्या पाषाणाची मूर्ती गुजरातेतल्या प्रभासपट्टणहून गलबतातून आली असं सांगतात. आईला ती डोळे भरून बघायचीये.

अडचण तिच्या गुडघ्यांची. धूतपापेश्वराला गाडी कुठपर्यंत जाते? पुढे पायऱ्या बऱ्याच आहेत का? धबधब्याकडचा दगड ओला, शेवाळलेला असेल तर तिला हात धरून नेणं जमेल ना? दुपारी गाभारा बंद असतो का? आडिवऱ्यात आधी सांगून घरगुती जेवण मिळेल का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.