चित्रातून आणि सुरांतून भयकथेने नेमके काय घ्यावे?

सांजवात
आमच्या गावच्या घरी माजघराच्या दाराशेजारी आजोबांनी लावलेली एक जुनी छापील तसबीर होती. तळ्याच्या पायरीवर आपल्याकडे पाठ करून बसलेली एक बाई आणि पाण्यात सोडलेले तिचे पाय, एवढेच तीत होते. लहानपणी दिवेलागणीला तिच्यासमोरून जाताना मी मान खाली घालत असे, कारण मी पाहत नसताना ती वळून पाहते, अशी माझी पक्की समजूत होती. एका दिवाळी अंकासाठी या तसबिरीवर भयकथा लिहायला घेतली असून तीन खर्डे झाले आहेत. प्रत्येक खर्ड्यात ती बाई अखेरीस मान वळवते आणि त्या वाक्यापाशी भीती विरून जाते. लिहिताना संगीत लावून पाहिले. त्याने मनात वातावरण तयार होते, परंतु कागदावर ‘गूढ सूर घुमत होते’ यासारखी वाक्येच उतरतात. ज्यांनी चित्रावरून किंवा संगीतावरून भयकथा लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवाट
मला एक उदाहरण फार उपयोगी पडले. स्विस चित्रकार आर्नोल्ड ब्योकलिन यांनी १८८० ते १८८६ या काळात ‘आयल ऑफ द डेड’ हे चित्र पाच वेळा रंगवले. त्यात निश्चल पाण्यावरून एक होडी बेटाकडे निघाली आहे, होडीत शवपेटी आणि पांढऱ्या वस्त्रात उभी असलेली एक आकृती आहे, आणि समोर कड्यांच्या कुशीत सायप्रसची काळोखी झाडे आहेत. रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव यांनी या चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली आणि तिच्यावरून वाद्यवृंदासाठी केलेली रचना १९०९ मध्ये मॉस्कोत प्रथम सादर झाली. तिची सुरुवात पाचाच्या लयीत होते. आपल्या झपतालात असतात तसे दोन आणि तीनचे गट तीत जागा बदलत राहतात, त्यामुळे वल्ह्याचा एक फटका दुसऱ्यापेक्षा किंचित लांबल्यासारखा वाटतो. बेट दृष्टीस पडण्याआधीच तिकडची ओढ आपल्या अंगात भिनते. पुढे मूळ रंगीत चित्र पाहिल्यावर, हे आधी पाहिले असते तर कदाचित ही रचना झालीच नसती, अशा अर्थाचे ते बोलले होते. आपणही तसबिरीचे तपशील काही दिवस बाजूला ठेवून पाहा. तिच्यासमोरून जाताना आपली पावले कुठे भरभर पडत आणि कुठे अडखळत, ते आठवून ती चाल वाक्यांना द्या.

तंबोरा
मी गाणे शिकते, म्हणून मारव्याविषयी लिहिते. सूर्यास्ताच्या वेळच्या या रागात पंचम वर्ज्य आहे, रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र आहे, आणि गायक षड्ज, म्हणजे मूळचा ‘सा’, वारंवार टाळून रिषभ व धैवतावर रेंगाळतो. माझ्या गुरूंनी मला पहिल्या दिवशी मंद्र धैवत, मग निषाद, आणि तिथून षड्ज ओलांडून थेट कोमल रिषभ, एवढेच अर्धा तास घ्यायला लावले होते. तंबोऱ्यात षड्ज अखंड वाजत असतो, म्हणजे घर समोर दिसत असते आणि आत पाऊल मात्र ठेवायचे नसते. शेवटी त्यांनी षड्जावर येऊ दिले, तेव्हा मला रडू आवरेना. आपल्या कथेत त्या बाईची मान हा षड्ज आहे. पहिल्या परिच्छेदापासून तो वाचकाच्या कानात वाजू द्या आणि प्रत्येक प्रसंग त्याच्या शेजारच्या स्वरावर थांबवा. कोणी तसबिरीची काच पुसते, कोणी ती अडगळीत टाकायला सांगते, एखादे मूल पाण्यातल्या पायांवर बोट ठेवते, पण तिच्या चेहऱ्याविषयी घरात कोणीही अवाक्षर काढत नाही.

कातळ
‘तंबोरा’ यांचे म्हणणे मनापासून पटले, तरी चेहरा दाखवला की भीती संपतेच, असे मला वाटत नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल अवदान, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा, रंगवलेली आहे. जहाज फुटलेले व्यापारी एका बेटाला लागतात, तिथल्या सुंदर स्त्रिया त्यांच्याशी संसार मांडतात, आणि त्या खरे तर राक्षसिणी असतात. सिंहल उडणाऱ्या घोड्यावरून सुटतो, पण त्याची राक्षसीण त्याच्या पाठोपाठ येऊन राजालाच भुरळ घालते आणि अंतःपुरात शिरते. सकाळी राजवाड्याचे दार उघडत नाही आणि वर गिधाडे घिरट्या घालत असतात. त्या भिंतीसमोर मंद उजेडाला डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते. मला आधी दागिने आणि केसांची सुरेख ठेवण दिसली, मांस खाणाऱ्या आकृती फार उशिरा ध्यानात आल्या, आणि मग आधी पाहिलेला एकेक देखणा चेहरा पुन्हा पाहण्याचे धाडस होईना. मी आपल्या जागी असतो तर बाईला कथेच्या मध्यावरच वळू दिले असते आणि तिला घरातल्याच कोणाचा तरी प्रेमळ चेहरा दिला असता. उरलेली कथा वाचकाला त्या चेहऱ्याच्या सोबतीने काढावी लागली असती.

सांजवात
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मारवा ऐकत चौथा खर्डा सुरू केला. पावलांची चाल आठवताना इतक्या वर्षांत न आठवलेली एक गोष्ट आठवली. आजी हातात कंदील घेऊन माजघरात जाताना तसबिरीकडे पाठ होऊ नये म्हणून अंग वळवून, आडवी आडवी चालत असे, आणि तिचे गुडघे दुखतात असे आम्ही मुले समजत होतो. कथा आता आजीच्या त्या चालण्यापासून सुरू होते. बाई मान वळवणार की नाही, हे अजून ठरलेले नाही. मात्र ‘कातळ’ यांनी सुचवलेला चेहरा आजीचा असू शकेल, हे मनात आले तेव्हा लिहिणे थांबवून आधी घरातले सगळे दिवे लावावे लागले.